सिकलच्या रिपोर्टमधलं 'एफ' आणि त्याला बंद करणारं प्रोटीन

आपल्या नागपुरात सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही, विदर्भात कितीतरी घरांत कोणी ना कोणी एएस पॅटर्न (सिकलचा जीन आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला, म्हणजे वाहक) असतं आणि एखाद्या घरात एसएस पॅटर्न (दोघांकडूनही आलेला, म्हणजे पेशंट). लोक मेडिकल, मेयो, डागा या इथल्या सरकारी दवाखान्यांत जाऊन तपासणी करून येतात, रिपोर्ट हातात आला की एस, म्हणजे सिकलवालं हिमोग्लोबिन, किती टक्के ते पाहतात आणि कागद घडी करून ठेवून देतात. त्याच कागदावर अजून एक आकडा असतो, एचबी एफ, म्हणजे पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं ते किती टक्के उरलंय, कोणाचा ५, कोणाचा १२, कोणाचा २२. त्याबद्दल घरी कोणी बोलत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांनाही सांगायला वेळ मिळत नाही. मी रक्ताच्या लॅबमधे काम करते, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनचे ग्राफ रोज डोळ्यासमोर असतात, आणि मला अगदी मनापासून वाटतं की एसएस पेशंटच्या रिपोर्टवरचा सगळ्यात कामाचा आकडा हा एफच आहे. मागच्या पंधरा-वीस वर्षांत सिकलवर जे नवीन उपचार निघाले, ज्यांच्या कोटी-कोटी रुपयांच्या बातम्या आपण वाचतो, त्यातले कितीतरी याच आकड्याला वर नेण्यासाठी आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ लागेल पण समजेल असं लिहायचा प्रयत्न करते.

आधी थोडं मागचं. हिमोग्लोबिन हे आपल्या तांबड्या पेशीतलं प्रोटीन, फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलून अंगभर पोचवतं. ते चार साखळ्यांचं बनलेलं असतं, मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा. सिकलमधे बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक अॅसिड पाहिजे तिथं व्हॅलिन बसलेलं असतं, बस एवढाच फरक, दीडशेच्या आसपास अमिनो अॅसिडमधलं एक बदललेलं. १९४९ मधे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशंटचं हिमोग्लोबिनच मुळात वेगळं आहे, आणि १९५७ मधे व्हर्नन इन्ग्रॅमने नेमकी कोणती अमिनो अॅसिड बदलली ते शोधून काढलं. या एका बदलामुळे काय होतं तर हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटायला लागतात, पेशीच्या आत लांब लांब दांडे तयार होतात, पेशी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मग ते दुखणं उठतं ज्याला आपण क्रायसिस म्हणतो. नॉर्मल तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलची १०-२० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं किंवा डिसेंबरच्या थंडीत अंग गारठलं की क्रायसिस येतो, नागपूरचं ऊन आणि नागपूरची थंडी दोन्ही या पेशंटला सोसत नाही, हे ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता एक गोष्ट पाहा, एसएस बाळ जन्मतः आजारी नसतं. पहिले काही महिने एकदम चांगलं राहतं, आणि मग साधारण सहा महिन्यांनंतर हातापायाची बोटं सुजणं, रडणं, रक्त कमी होणं सुरू होतं. काहून? बीटा साखळीतला बिघाड तर पोटात असल्यापासून आहे ना. १९४८ मधे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या हे लक्षात आलं की नवजात बाळांच्या रक्तात पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण खूपच कमी असतं, आणि त्यांनी अंदाज केला की बाळाचं जे वेगळं हिमोग्लोबिन असतं तेच त्याला वाचवत असावं. अंदाज बरोबर निघाला. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन म्हणजेच हे एचबी एफ, त्यात बीटाच्या जागी गॅमा नावाच्या दोन साखळ्या असतात. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ते जास्त चांगलं. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात निम्म्याहून बरंच जास्त हेच असतं, नंतर गॅमा बनणं कमी होत जातं, बीटा वाढत जातं, आणि नॉर्मल मोठ्या माणसात एफ जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी उरतं.

गॅमा साखळी त्या चिकटण्याच्या खेळात सामीलच होत नाही. एस हिमोग्लोबिनचे दांडे बनताना एका रेणूवरचं ते व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं, गॅमाची त्या भागातली रचना वेगळी असल्यामुळे तिथं जोडणी जमत नाही. त्यातही चांगलं हे की एका बाजूला गॅमा आणि दुसऱ्या बाजूला सिकलवाली बीटा अशी मिसळ झालेला रेणूसुद्धा दांड्यात घुसत नाही. म्हणजे एफ वाढलं की एस नुसतं पातळ होतं असं नाही, दांडा बनण्यालाच अडथळा होतो. मोठ्या माणसाचं साधं ए हिमोग्लोबिनही एफइतकं रोखत नाही.

हे झालं एफ काय करतं ते. आता बायोमार्कर म्हणजे काय तर रक्तात किंवा शरीरात मोजता येणारी अशी वस्तू जिच्यावरून आजार किती जोरात आहे, पुढे कसा जाईल, औषध लागू पडतंय का, हे कळतं. एफ या कामात किती भरवशाचं आहे हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, हजारो सिकल पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून तो केला होता आणि १९९४ मधे त्याचे निष्कर्ष छापले गेले. एफ ८.६ टक्क्यांच्या वर असलेले पेशंट त्याखालच्यांपेक्षा जास्त जगत होते. त्याच्या आधी १९९१ मधे त्याच गटाने दाखवलं होतं की एफ जितकं जास्त तितके दुखण्याचे झटके कमी. आणि काही लोक तर असे असतात की ज्यांच्यात जन्मानंतर एफ बंदच होत नाही, आनुवंशिक गुण असतो तो, त्यांच्याकडे एक सिकलचा जीन आणि दुसरा हा गुण असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास एफ राहतं आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. निसर्गानेच प्रयोग करून दाखवला म्हणा ना.

आपल्याकडे मात्र यात एक गुंता आहे आणि तो नागपूरकरांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. भारतात आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सिकलचा जो जीन सापडतो त्याच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे, अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात त्याला, आणि त्यात एफ मुळातच जास्त राहतं. त्यामुळे बरीच वर्षं असं समजलं जायचं की भारतातला सिकल सौम्य. गुजरातच्या आदिवासी भागात पाहिलं तर बऱ्याच पेशंटमधे तसं दिसतंही, तिथं अल्फा थॅलेसेमियाही (अल्फा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) सोबत पुष्कळ असतो आणि त्याचाही फायदा होतो. पण आपल्या नागपूरकडच्या मुलांमधे एफ चांगलं असूनही आजार जोरात असणारे कितीतरी आहेत, वारंवार भरती, वारंवार रक्त चढवणं. आफ्रिकेच्या मानाने आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहिलं असं करू नका, माझं हे सांगणं आहे आणि मी ते जोर देऊन सांगते.

असं होण्यामागे एक कारण हेही की रिपोर्टमधला एफ हा सगळ्या रक्ताचा मिळून सरासरी आकडा असतो. शरीर सगळ्या पेशींमधे एफ सारखं वाटत नाही. समजा रिपोर्टमधे १५ टक्के आलं, तर काही पेशींमधे भरपूर एफ असेल आणि काहींमधे जवळजवळ काहीच नसेल, आणि ज्या पेशीत नाही ती वाकडी होणारच. दोन पेशंटचा आकडा सारखा १५ पण एकाच्या बहुतेक पेशींमधे थोडं थोडं आणि दुसऱ्याच्या मोजक्या पेशींमधेच खूप, तर पहिल्याचं जास्त चांगलं. पेशी-पेशीतलं एफ मोजायला फ्लो सायटोमेट्री नावाची वेगळी तपासणी असते, साध्या लॅबमधे ती होत नाही.

आणि मार्कर सुधारला म्हणजे पेशंट सुधारला असं डोळे मिटून धरायचं नसतं, याचं ताजं उदाहरण सिकलमधलंच आहे. व्हॉक्सेलोटर नावाची एक गोळी अमेरिकेत २०१९ मधे मंजूर झाली, हिमोग्लोबिन एक ग्रॅमपेक्षा जास्त वाढतं एवढ्या आधारावर घाईने मंजुरी मिळाली होती. रिपोर्टमधे आकडा खरंच वाढायचा. पण नंतरच्या अभ्यासांत गोळी घेणाऱ्यांमधे क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले आणि सप्टेंबर २०२४ मधे फायझर कंपनीने ते औषध जगभरातून परत घेतलं. ते औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवायला लावायचं, म्हणून आकड्यात सुधारणा दिसत होती. एफचं प्रकरण वेगळं यासाठी की त्याच्या बाजूने नवजात बाळांचा पुरावा आहे, जन्मभर एफ चालू राहणाऱ्या माणसांचा पुरावा आहे, आणि औषधांचाही आहे. एवढे वेगवेगळे पुरावे एका दिशेला बोट दाखवतात असं बायोमार्करच्या बाबतीत फार कमी वेळा होतं.

आता खरा प्रश्न, जन्मानंतर गॅमा बंद कोण करतं? हे पन्नास-साठ वर्षं कोणाला सापडत नव्हतं. उत्तर आलं ते अगदी वेगळ्या वाटेने. २००७-०८ च्या सुमारास संशोधकांनी निरोगी माणसांचा सगळा डीएनए चाळून पाहिला, काहींचं एफ थोडं जास्त आणि काहींचं कमी का असतं हे शोधायला, इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लोक त्यात होते, युरोपातले इतरही होते. दुसऱ्या क्रोमोसोमवर एक जागा पुन्हा पुन्हा समोर आली, तिथं बीसीएल११ए नावाचं एक जीन होतं. त्याची ओळख तोवर रक्ताच्या कॅन्सरमुळे आणि पांढऱ्या पेशींमुळे होती, हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. २००८ मधे बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबमधे विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींत या जीनपासून बनणारं प्रोटीन कमी करून पाहिलं आणि गॅमा वर आलं. २०११ मधे सिकल असलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशींतून ते काढून टाकलं तर उंदरांचा आजारच दुरुस्त झाला. २०१८ मधे हेही कळलं की हे प्रोटीन गॅमा जीनच्या अगदी सुरुवातीच्या भागात एका ठरावीक सहा अक्षरी क्रमावर जाऊन बसतं आणि जीन वाचू देत नाही.

म्हणजे टार्गेट सापडलं. पण टार्गेट सापडणं आणि त्यावर औषध करता येणं यात फार अंतर असतं. बीसीएल११ए हे प्रोटीन मेंदूच्या वाढीसाठी लागतं, बी प्रकारच्या पांढऱ्या पेशी बनायला लागतं, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींनाही लागतं. काही मुलं या जीनची एकच चालू प्रत घेऊन जन्माला येतात, त्यांचं एफ जास्त राहतं खरं पण बुद्धीची वाढ आणि बोलणं मागे पडतं. म्हणजे अंगभर हे प्रोटीन बंद केलं तर सिकल सुधारेल आणि दुसरं काहीतरी बिघडेल. दुसऱ्या बाजूने, काही प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमधे हेच प्रोटीन वाढलेलं दिसतं, ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्यात, आणि तिथंही त्याच्याकडे टार्गेट म्हणून पाहताहेत. एकच प्रोटीन, जागा बदलली की काम वेगळं.

मार्ग निघाला २०१३ मधे, डॅनियल बाउर आणि ऑर्किन यांच्या गटाला या जीनच्या आतमधेच डीएनएचा एक तुकडा सापडला जो फक्त तांबड्या पेशी बनताना या जीनला चालू करतो, मेंदूत आणि पांढऱ्या पेशींत त्याचं काम नाही. घरातला मेन स्विच न पाडता एकाच खोलीचा एमसीबी खाली करावा तसं, हा तुकडा तोडला की बीसीएल११ए फक्त तांबड्या पेशींत कमी होतं, बाकी शरीरात चालू राहतं. क्रिस्पर हे जीन कापायचं तंत्र, ज्याच्यासाठी इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, ते वापरून नेमका हाच तुकडा तोडणारा उपचार तयार झाला, कॅसजेव्ही. नोव्हेंबर २०२३ मधे ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मधे अमेरिकेने १२ वर्षांवरच्या पेशंटसाठी तो मंजूर केला. मंजुरीच्या वेळी ज्या ३१ पेशंटचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा क्रायसिस आला नाही. यात सिकलवाला जीन दुरुस्त केलेला नाही बरं का, तो जसाच्या तसा आहे, पेशंट एसएसच राहतो आणि लग्नाच्या वेळी पॅटर्न पाहायचा तो एसएस म्हणूनच पाहायचा, फक्त रक्तात एफ ४० टक्क्यांच्या आसपास गेलेलं असतं.

मंजुरीच्या वेळी अमेरिकेत ठरलेली किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने अठरा कोटी रुपयांच्या वर. पैसा बाजूला ठेवला तरी सोपं नाही ते, रक्तातून मूळ पेशी काढायच्या, लॅबमधे त्यात बदल करायचा, मग बुसल्फान नावाची जबर किमोथेरपी देऊन जुना बोन मॅरो रिकामा करायचा, नंतर बदललेल्या पेशी परत द्यायच्या, कितीतरी आठवडे दवाखान्यात, आणि त्या किमोमुळे पुढे मूल न होण्याचा धोका. आपल्याकडेही दिल्लीच्या सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेने सिकलसाठी स्वतःचं क्रिस्पर तंत्र बनवलं आहे, बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१', नोव्हेंबर २०२५ मधे त्याची घोषणा झाली. मला याचं फार अप्रूप आहे. पण गडचिरोलीच्या एखाद्या गावातल्या पेशंटपर्यंत असा उपचार पोचायला मोठे सेंटर, प्रशिक्षित लोक आणि पैसा तिन्ही लागणार.

म्हणून जगात आता गोळीच्या मागे लागलेत. बीसीएल११एला थेट गोळीने पकडणं अवघड आहे कारण अशा प्रोटीनवर औषध अडकेल अशी खोल जागा सहसा नसते. पण गॅमाला बंद ठेवणारं हे एकटं नाही, त्याच्यासोबत काम करणारी अजून प्रोटीन आहेत. २०२४ मधे नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी विझ नावाच्या अशाच एका प्रोटीनला पेशीच्या आतच नष्ट करायला लावणारा रेणू बनवल्याचं छापलं, प्राण्यांमधे त्याने एफ वाढलं. दुसऱ्या एका कंपनीची पोसिरेडिर नावाची गोळी बीसीएल११ए बनणंच कमी करते, तिच्या पेशंटवर ट्रायल चालू झाल्यात. यातली कोणती टिकेल ते ट्रायल ठरवेल, व्हॉक्सेलोटरचं पाहिल्यावर मी तरी आधीच टाळ्या वाजवणार नाही.

आणि एवढं सगळं लिहून आता मी त्या कॅप्सूलकडे येते जी आजच्या आज नागपुरात मिळते. हायड्रॉक्सियुरिया. १९९५ मधे अमेरिकेत २९९ मोठ्या पेशंटवर ट्रायल झाली, क्रायसिस जवळपास निम्म्याने कमी झाले, आणि १९९८ मधे तिथं सिकलसाठी मंजुरी मिळाली. हे औषधही एफ वाढवतं. इथं आपल्या मेडिकलमधे डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम एवढा कमी आणि ठरलेलाच डोस देऊन डबल ब्लाइंड ट्रायल (कोणाला खरं औषध मिळतंय हे पेशंटला आणि डॉक्टरांनाही माहीत नसतं अशी) केली, २०१२ मधे ती छापून आली. अमेरिकेत डोस हळूहळू वाढवत सहन होईल तिथवर नेतात, त्यासाठी वारंवार रक्त तपासावं लागतं, आपल्या लोकांना दर वेळी एसटीने नागपूरला येणं जमत नाही. इथल्या मुलांमधे त्या कमी डोसवरही एफ वाढलं, दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी झाली. विदर्भातल्या पेशंटसाठी, विदर्भातल्याच दवाखान्यात मिळालेलं उत्तर आहे हे, आणि त्याबद्दल आपल्याच लोकांना माहिती नसते याचं मला फार वाईट वाटतं.

लोक घाबरतात कारण मेडिकल स्टोअरवाला किंवा शेजारचं कोणी सांगतं की ही कॅन्सरची गोळी आहे. हो, रक्ताच्या काही कॅन्सरमधेही हेच वापरतात, पण सिकलमधे डोस बेताचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीत असतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात म्हणून सीबीसी ठरलेल्या वेळी करायलाच पाहिजे, गरोदरपणात किंवा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, स्वतःच्या मनाने डोस वाढवायचा नाही आणि बरं वाटलं म्हणून बंदही करायचं नाही. परिणाम दिसायला काही महिने लागतात. इथंच एफचा आकडा मार्कर म्हणून कामी येतो, औषध सुरू करायच्या आधीचं एफ आणि सहा महिन्यांनंतरचं एफ शेजारी ठेवून पाहिलं की शरीर दाद देतंय का कळतं, आणि पेशंट रोज कॅप्सूल घेतोय की नाही तेही बरंचसं कळतं. एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार, तोही वाढतो, आणि तो साध्या सीबीसीतच मिळतो.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती फक्त एस आहे का नाही एवढं सांगते, एएस की एसएस ते नाही आणि एफ तर अजिबात नाही. त्यात पॉझिटिव्ह आलं तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्याच. आणि लहान बाळांत एस कमी आणि एफ भरपूर असल्यामुळे सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, घरी एसएस किंवा दोन्ही पालक एएस असतील तर बाळाची ती निगेटिव्ह आली म्हणून सोडून देऊ नका, एचपीएलसीच करा.

लॅबच्या बाजूने अजून दोन गोष्टी. रक्त चढवल्यावर लगेच एचपीएलसी करू नका, दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं, एफ आणि एस दोन्ही कमी दिसतात आणि तो रिपोर्ट मग पुढे सगळीकडे चुकीचा आधार म्हणून फिरतो, किमान तीन महिने जाऊ द्या आणि सॅम्पल देताना शेवटची बाटली कधी लागली ते सांगा, हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर तेही. आणि एसएस मुलांमधे एफ उतरायला नॉर्मल मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो, पाचेक वर्षांचं होईपर्यंत ते हळूहळू खाली येतच असतं, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाचं एफ ३० आलं तर तो त्याचा कायमचा आकडा समजू नका, पाच-सहा वर्षांचं झाल्यावर पुन्हा तपासा आणि जुना रिपोर्ट सोबत घेऊन या.